ब्रश दाढीनं मरत नाही

लाखनीत धानाचं बियाणं घ्यायचं असलं की माणूस रोहिणी लागायच्या आधीपासून चौकशीला निघतो. एचएमटी बरं की जय श्रीराम, एक हजार दहाचा उतारा किती पडला, गेल्या साली करपा कोणाच्या बांधीत शिरला आणि कोणाच्या धुऱ्यावरून परत गेला, हे त्याला तोंडपाठ असतं. मुलीला स्थळ आलं तर पोहऱ्यापासून पालांदूरपर्यंतचे सोयरे कामाला लागतात. बैलजोडी घ्यायची तर दात मोजले जातात, खूर पाहिले जातात, विकणाऱ्याचा स्वभावसुद्धा पाहिला जातो. फक्त दाढीचा ब्रश कोणता घ्यावा, हे लाखनीत कोणी कोणाला विचारल्याचं ऐकिवात नाही.

कारण ब्रश कोणी विकत घेतच नाही. तो घरात असतोच. न्हाणीच्या कोनाड्यात, कान तुटलेल्या कपात, पिळून पिळून चपट्या झालेल्या टूथपेस्टच्या शेजारी. हा केव्हा आणला, असं विचारलं तर घरात एकमत होत नाही. आई म्हणते, मोठ्याच्या लग्नात आला. काका म्हणतात, छे, त्याच्याही आधी सीताबर्डीवरून आणला होता. पूर्वी नवरदेवाच्या सामानात दाढीचा एक डबा हमखास असायचा. त्यात रेझर, क्रीम, तुरटी, लहानसा आरसा आणि ब्रश. क्रीम पहिल्या वर्षात संपतं, आरसा पहिल्या मुलाच्या हातून फुटतो, तुरटी पावसाळ्यात पाणी गढूळ आलं की माठात जाते. ब्रश मात्र संसारात टिकून राहतो. नवरदेवाचे नातू खेळू लागले तरी कपात उभाच.

आमच्या घरातल्या ब्रशानं केस सोडायला सुरुवात केली, नेमकी तेव्हाच माझ्याही डोक्याची पानगळ सुरू होती. दाढी झाल्यावर गालावर चिकटलेला केस नक्की कोणाचा, याचा निवाडा करणं अवघड होऊन बसलं. शेवटी घरच्यांनी ठराव केला की दोघांपैकी एकाला बदलावं, आणि त्यातल्या त्यात ब्रश स्वस्त पडेल.

मेन रोडवरच्या जनरल स्टोअर्समध्ये ब्रश मागितला. ब्रशांना तिथे स्वतंत्र जागा नाही. केसांच्या पिना आणि बाळाच्या खुळखुळ्यांच्या मधोमध, एका पुठ्ठ्यावर ते उलटे लटकलेले असतात.

"कोनता देऊ सर? साठवाला का नव्वदवाला?"

"फरक काय दोन्हीत?"

"तीस रुपयाचा."

हिशेब बिनचूक होता. तरी मी नेट धरला. "तसं नाही, केस कशाचे आहेत?"

त्यानं दोन्ही पाकिटं उलटीसुलटी करून पाहिली. "ब्रशाचेच आहेत."

मागे उधारीच्या वहीत डोकं घालून बसलेले त्याचे वडील चष्म्यावरून पाहत म्हणाले, "नरम पायजे का कडक पायजे, ते विचार ना बाप्पा त्याइले." आणि मग माझ्याकडे वळून, "नरम नेला त लोक मनतात फेस येत नाई. कडक नेला त मनतात गाल सोलते. मी त मनतो, दोन्ही न्या. एक मंगया-बुधाले वापरा, एक आयतवाराले."

मी दोन्ही नेले. व्यापार याला म्हणतात.

दोन ब्रश घेऊन मी उड्डाणपुलाच्या बाजूच्या पानठेल्यावर आलो. महामार्गाला पूर्वी सहा नंबर म्हणायचे, आता त्रेपन्न म्हणतात. मुंबई-कोलकात्याचे ट्रक हल्ली आमच्या डोक्यावरून जातात आणि खाली लाखनीकरांना चर्चेला निवांत जागा झाली आहे. पानठेल्यावर कोणतीही वस्तू घेऊन उभं राहिलं की तिची तपासणी फुकट होते. ट्यूबलाइटपासून ट्रॅक्टरच्या टायरपर्यंत सगळं तिथे पारखून मिळतं. ठेलेवाल्यानं खर्रा घोटता घोटता ब्रशाकडे पाहिलं आणि निकाल दिला, "एक असली आहे, एक नकली. जाळून पाहा."

माचिस निघाली. साठवाल्याचा एक केस उपटून काडीला लावला. तो आक्रसला, वितळला आणि टोकाला काळा मणी धरून थिजला. वास प्लॅस्टिकचा. म्हणजे नायलॉन. मग नव्वदवाल्याचा केस लावला. तो चर्र करून जळाला, बोटांनी चुरला तर राख झाली, आणि वास असा सुटला की खर्रा घ्यायला आलेले दोघे दोन पावलं मागे सरले. ठेलेवाला अभिमानानं म्हणाला, "हा असली. डुकराचा."

तिथे आमचे शेजारचे काकाजी उभे होते. गळ्यात तुळशीची माळ, एकादशीला पाणीसुद्धा मोजून पिणारे. त्यांनी नकळत स्वतःच्या गालावरून हात फिरवला. "माहा ब्रश बी असाच आहे गा," ते हळूच म्हणाले. "चाळीस वर्षं झाले." थोडा वेळ कोणी बोललं नाही. वरून एक कंटेनर गेला. मग काकाजींनी स्वतःच निवाडा दिला, "जे बाहेरून लागते ते चालते. पोटात नाई गेलं पायजे." माझ्या मते शास्त्रार्थ इतक्या वेगानं काशीतही लागला नसेल.

पण खरा आनंद झाला तो केसलवाड्याकडच्या एका शेतकऱ्याला. "रानडुकरं महिनाभर माह्या बांधीत लोळले," तो म्हणाला. "पंचनामा झाला, अर्ज देल्ला, फोटो देल्ले. आता पैसे येवोत का न येवोत, त्याच्या केसानं दाढी करीन त तेवढीच वसुली." त्यानं तो ब्रश हातात घेऊन दोनदा तळहातावर असा रगडला की डुकराला लागलं असतं. त्याला मी सांगितलं नाही, इथे सांगतो. दाढीच्या ब्रशातले केस त्याच्या बांधीतल्या रानडुकराचे नसतात, पाळीव डुकरांचे असतात, आणि जगभर त्यांचा पुरवठा करण्यात चीन सगळ्यांच्या पुढे आहे. म्हणजे धान खाल्लं नागझिऱ्याच्या बाजूच्या डुकरानं आणि वसुली झाली परदेशातल्या. आपल्याकडे वसुलीचा हा प्रकार नवीन नाही.

डुकराच्या राठ केसांचा धंदा आपल्याकडेही जुना. इंग्रजांच्या काळात कानपूर ही त्याची मोठी पेठ होती. तिथे केस साफ करून, लांबीप्रमाणे निवडून, जुड्या बांधून लंडनला जायचे आणि तिकडून ब्रश होऊन साहेबाच्या सामानातून परत यायचे. या केसाची एक खोड आहे. नवा असताना तो गाल खरवडतो. पण टोकाला हळूहळू फाटे फुटतात आणि महिन्या-दोन महिन्यांत तो नरम पडतो. वापरायच्या आधी त्याला थोडा वेळ पाण्यात भिजत ठेवावा लागतो. सकाळी सात पन्नासची बस पकडणाऱ्यानं त्याच्या नादी लागू नये.

त्याच्या वरचा दर्जा बॅजरचा. हा प्राणी म्हणजे आपल्या जंगलातल्या चांदी अस्वलाचा लांबचा भाऊबंद. बिळं खणून राहणारा. त्याचा केस पाणी भरपूर धरून ठेवतो, गालाला मऊ लागतो, आणि खिशाला अजिबात मऊ लागत नाही. चांगला बॅजर ब्रश हजारांच्या भाषेत बोलतो. पुण्या-मुंबईत हौशी लोक तो मागवतात, त्याच्यासाठी स्टँड मागवतात, त्या स्टँडसाठी कपाट करतात. लाखनीत ही गोष्ट मी सहज काढली तेव्हा पानठेल्यावर एकानं सुनावलं, "एवढ्या पैशात बकरी येते. तिचे केस बी येतात अन् दूध बी." या युक्तिवादाला विलायतेतल्या कुठल्याही ब्रशवाल्याजवळ उत्तर असेल असं वाटत नाही.

घोड्याच्या केसांचेही ब्रश असतात, आणि ते एकदा जगाला चांगलेच भोवले होते. पहिल्या महायुद्धात बॅजरचे केस मिळेनासे झाले, तेव्हा व्यापाऱ्यांनी घोड्याचे केस रंगवून बॅजर म्हणून खपवायला सुरुवात केली. केस नीट निर्जंतुक केलेले नव्हते. त्यातून अँथ्रॅक्सचे जंतू ब्रशावर आले, ब्रशावरून वस्तऱ्यानं कापलेल्या गालात शिरले, आणि इंग्लंड-अमेरिकेत सैनिक आणि साधी माणसंही दाढी करता करता मेली. १९२० साली ब्रिटननं जपानहून येणाऱ्या दाढीच्या ब्रशांवर बंदीच घातली. तोफांच्या तोंडातून वाचून आलेला शिपाई दाढीच्या ब्रशानं जावा, हे वाचल्यापासून मी नव्या ब्रशाला आधी साबणाच्या पाण्यानं दोनदा धुतो. घरचे म्हणतात, नवा कशाला धुता. त्यांना काय सांगायचं, महायुद्ध म्हणून?

मुंगसाचं नाव इथे घ्यायलाच हवं, कारण शुभशकुन म्हणून ज्याला पाहायला आपण थांबतो त्याचे केस काढून ब्रश करणारेही आपलेच. उत्तर प्रदेशात बिजनौर जिल्ह्यातलं शेरकोट हे ब्रश बनवणाऱ्यांचं गाव. तिथे चांगला, कायदेशीर मालही भरपूर होतो. पण चित्रकारांच्या बारीक ब्रशांसाठी मुंगसाच्या केसांचा चोरटा व्यापार बरीच वर्षं चालला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली मुंगूस संरक्षित आहे, तरी २०१९ मध्ये देशभर छापे घालून हे केस आणि ब्रश पकडावे लागले. कोणी तुम्हाला "एकदम मुलायम, खास केस आहे" असं कानात सांगून ब्रश दाखवू लागला तर सरळ चालू लागा. दाढीसाठी कोणाला मारायची गरज उरलेली नाही. १९३८ साली नायलॉन बाजारात उतरलं ते आधी टूथब्रशाचे केस म्हणून, बायकांचे मोजे त्याच्या नंतर. म्हणजे नायलॉनची बाजारातली पहिली ओळखच मुळी ब्रशातून झालेली. आता जे नवे बारीक तंतू येतात ते जनावराच्या केसाला मऊपणात हार जात नाहीत, भिजवावे लागत नाहीत, लवकर सुकतात, आणि काकाजींनाही चालतात.

एवढं ज्ञान मिळवूनही टिकाऊ कोणता, हे कळत नव्हतं. तेव्हा ज्याचं पोट ब्रशावर आहे त्याला विचारावं म्हणून सलूनमध्ये गेलो. आमचे सलूनवाले भाऊ कमी बोलतात. हे नवल आहे, कारण त्यांच्या दुकानात बसलेला प्रत्येकजण जास्त बोलतो. मी दोन्ही ब्रश पुढे ठेवले. त्यांनी केसांकडे पाहिलंच नाही. आधी दांड्याला नखानं टिचकी मारली, कानाजवळ नेऊन हलवलं. मग केसांचा झुपका चिमटीत धरून हळूच पिळला, ओढला नाही, पिळला, आणि मुळाशी अंगठ्यानं दाबून पाहिलं.

"हा पोकळ आहे," नव्वदवाला बाजूला सारत ते म्हणाले. "पानी आत जाते अन् आतच राहते. मंग वास मारते. हा साठवाला भरीव आहे. डिंक बी वरपर्यंत आला आहे, पाहा."

"पण केस?"

"केसाले कोन पायते, सर? केस नाई गळत. डिंक सुटते, मंग केस निघते. लोक मनतात ब्रश झडला." त्यांनी स्वतःचा ब्रश दाखवला. नायलॉनचा, दांड्याचा रंग उडालेला, मुळाशी काळा दोरा घट्ट गुंडाळून वर फेव्हिकॉल फासलेला. "तुमचा ब्रश दिवसाले एक दाढी करते, माहा तीस करते. सनाले त मोजतच नाई. उकळतं पानी नाई लावायचं, डिंक पातळ होते. काम झालं का साबन सगळा काढायचा. साबनाचा थर मुळाशी बसते अन् केस तोडते. झटकायचा. टांगायचा. झालं."

आणि त्यांनी तो गुडघ्यावर असा दोनदा झटकला की समोरच्या आरशावर, माझ्या चष्म्यावर आणि भिंतीवरच्या नटाच्या फोटोवर सारखंच पाणी उडालं. मग पाठीमागे न पाहता हात वर केला आणि ब्रश खिळ्याला बरोबर लागला. ही सफाई बघायला मी तिकीट काढून गेलो असतो.

त्यांचं म्हणणं असं की ब्रशाबद्दलच्या निम्म्या तक्रारी पाण्याच्या असतात. बोअरच्या जड पाण्यात साबणाचा फेस होत नाही, त्याची पांढरी साय होते. गिऱ्हाईक ब्रश बदलतं, क्रीम बदलतं, पत्तीला शिव्या देतं, पण बादली बदलत नाही. पावसाचं किंवा नळाचं गोडं पाणी घ्या, बोटाच्या पेराएवढं क्रीम घ्या, ब्रश गालावर गोल फिरवा, दाबू नका. ब्रश आडवा पाडून दाबला की मधले केस मोडतात आणि झुपक्याला मधोमध भांग पडतो. असा भांग पडलेला ब्रश फक्त शाळेतल्या मुलाच्या डोक्यावर शोभतो. साबणाचा थर जमलाच तर पाण्यात थोडं व्हिनेगर किंवा लिंबू घालून तासभर ठेवा, निघून जातो. करोनापासून काही गिऱ्हाइकं स्वतःचा ब्रश रुमालात गुंडाळून आणतात. तो पाहून माणूस कसा असेल ते कळतं, असं भाऊ म्हणतात. कोणाचा कसा होता ते मात्र सांगत नाहीत. धंद्याचं गुपित आहे.

थोडक्यात, लाखनीत चाळीस-पन्नास-साठ रुपयांचा भरीव दांड्याचा नायलॉन ब्रश घ्यावा. हातात थोडा जड लागला पाहिजे आणि ओट्यावर ठेवला तर डुलू नये. झुपका डिंकानं मुळापासून बंद असावा. हलवला तर आत खुळखुळ नको. केसांची मुलायमी दुकानात गालावर घासून बघू नये. दुकानदार बघतो आणि मागचं गिऱ्हाईकही. याच्यावर जो पैसा वाचेल त्याची पत्ती आणावी, कारण खरी दाढी ब्रश करत नाही, पत्ती करते. क्रीमचंही बरं झालं आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच्यावरचा जीएसटी अठरा टक्क्यांवरून पाचवर आला. दुकानदाराच्या वडिलांना विचारलं तर म्हणाले, "हो, आला ना. टीव्हीवर आला."

आता तुम्ही म्हणाल, एवढं सगळं पाळलं तर ब्रश जन्मभर पुरेल. पुरेल की! हा ब्रश मुळात काम करतो किती? सोमवारी महादेवाचा वार म्हणून दाढी नाही. गुरुवारी नाही. शनिवारी मारुतीचा आणि शनीचा असा दुहेरी धाक, म्हणून नाही. अमावस्येला नाही, घरात सुतक असलं तर नाही, आणि श्रावणात तर महिनाभर पूर्ण पगारी रजा. राहिलेल्या दिवसांत लग्नसराईत दाढी सलूनमध्ये, कारण फोटो निघतात. निवडणुकीच्या ड्यूटीवर दाढी राहून जाते. उरल्या दिवसांत ब्रश कामावर हजर. एवढ्या सवलती तर आमच्या शाळेत मुख्याध्यापकांनाही नाहीत.

आणि हाताखाली नवीन पिढी येत नाही, हा त्याचा दुसरा फायदा. माझ्या पुतण्याला ब्रश दाखवला तर तो म्हणाला, "काका, हा कशाचा आहे?" त्याची दाढी सिनेमातल्या नायकाची. ती तो करत नाही, ती तो वाढवतो. तिला तेल लावतो, तिचा वेगळा कंगवा आहे, तिच्यासाठी मशीन चार्जिंगला लागते आणि त्याच पॉइंटवर माझा मोबाइल लावला तर घरात वाद होतो. आमच्या वेळी वडील म्हणायचे, दाढी कर, माणसात ये. आता दाढी नसली तर माणसात घेत नाहीत. हिशेब केला तर माझा साठ रुपयांचा ब्रश आमच्या घराण्यातला शेवटचा ब्रश ठरण्याची शक्यता आहे. कोणाला वारसा द्यायचा म्हटलं तरी घेणारा नाही.

तरीही ब्रश जन्मभर पुरत नाही. का? तर दाढी हा त्याच्या जिवाला असलेला सगळ्यात लहान धोका आहे. लाखनीत एकही ब्रश दाढी करता करता संपलेला नाही. तो घरात संपतो.

त्याची पहिली परीक्षा श्रावण संपता संपता येते. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवायची असतात. त्याला निदान मोठा ब्रश लागतो, म्हणून दाढीचा बचावतो. पण दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. आमच्या विदर्भात या दिवशी पोरं लाकडाचा नंदी सजवून दारोदार बोजारा मागत फिरतात. नंदीला रंग द्यायचा, शिंगांना सोनेरी, खुरांना काळा, पाठीवर झुलीची नक्षी. यासाठी नरम, झुपकेदार, हाताशी आलेला ब्रश एकच असतो. त्या सकाळी वडील रजेवरून परत आलेला ब्रश घ्यायला कोनाड्याकडे जातात, तर तो ऑइल पेंटच्या डब्यात सोनेरी होऊन उभा. टर्पेंटाइननं धुतला तर डिंकाला राम म्हणावं लागतं. न धुतला तर तो सोनेरीच राहतो. आमच्या गल्लीत पोळ्याच्या आठवड्यात एखाद्या गृहस्थाच्या कानशिलावर चकाकी दिसली तर कोणी काही विचारत नाही.

यातून वाचला तर दिवाळी येते. आमचा भंडारा म्हणजे पितळेचा जिल्हा, पितळी भांड्यांच्या धंद्यावर नाव कमावलेला, आणि प्रत्येक घरात देव, समया, घंगाळ, गडवे असं पितळ निघतंच. चिंचेनं घासल्यावर समयांच्या नक्षीतलं काळं काढायला बोट जात नाही, घासणी जात नाही. काय जातं, ते ओळखा. दुपारी अंगणात मी पाहिलं, ब्रश लक्ष्मीच्या मुकुटात होता. देवकार्यात आडवं कोण येणार? शिवाय लक्ष्मी खरंच उजळली होती.

दिवाळी संपली की मंडईची जत्रा भरते आणि झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम उभा राहतो. वडशाच्या नाटक कंपन्या गावोगावी रात्र-रात्र खेळ करतात, ते पाहून गावातले हौशीही गप्प बसत नाहीत. माझा मावसभाऊ दरवर्षी इन्स्पेक्टर होतो. चेहऱ्याचा मेकअप त्याला स्वतः करायला आवडतो. पावडर फिरवायला त्याला ब्रश लागतो, आणि इन्स्पेक्टरनं मागितलेली वस्तू नाही कशी म्हणणार? तो घेऊन जातो तेव्हा ब्रश काळा-पांढरा असतो, परत येतो तेव्हा गुलाबी. एका साली तो परत आलाच नाही. कळलं ते असं की तिसऱ्या अंकात खलनायकाची मिशी निसटायला लागली, तेव्हा ब्रशाचेच केस कातरून तिथल्या तिथे नवी मिशी केली. प्रयोगाला टाळ्या पडल्या म्हणे. मिशीला वन्समोअर मिळाला.

बाकी लहानसहान मागण्या बारा महिने चालूच. शिलाई मशीनच्या पेट्यांतली धूळ, टीव्हीच्या मागची धूळ, कुलरच्या जाळीवरची, गणपतीच्या कानातली. मोटरसायकलच्या चेनला तेल. शेवयांच्या साच्यातलं पीठ. रविवारी इडलीच्या पात्राला तूप लावायला कोणीतरी त्याच्याकडे हात नेला तेव्हा मात्र मी आडवा झालो.

म्हणून सलूनवाल्या भाऊंचा सल्ला अर्धाच उपयोगी आहे. ते म्हणतात टांगा, सुकू द्या. सलूनमध्ये टांगलेल्या ब्रशाला कोणी हात लावत नाही. घरात टांगलेला ब्रश म्हणजे सार्वजनिक वाचनालय. त्यावर आईनं उपाय काढला. ब्रश स्टीलच्या डब्यात घातला, झाकण लावलं, आणि डबा कपाटावर. पोरांपासून सुरक्षित, इन्स्पेक्टरपासून सुरक्षित. पण ओला ब्रश बंद डब्यात पावसाळ्याच्या दिवसांत ठेवला की काय होतं ते भाजीवाल्यालाही सांगता येईल. झाकण उघडलं तर आतून असा वास आला की पानठेल्यावरचा डुकराचा केस त्यापुढे अत्तर वाटावा. मुळाशी हिरवी बुरशी धरली होती. म्हणजे टांगला तर घरचे नेतात, झाकला तर कुजतो.

मग मी नवा ब्रश आणला. साठवाला, भरीव दांड्याचा. न्हाणीच्या बाहेरच्या भिंतीवर, पोरांचा हात पोहोचणार नाही इतक्या उंचीवर, हवा लागेल अशा जागी एक चांगला तीन इंची खिळा ठोकला. दांड्याला सुतळी बांधली. रोज दाढी झाली की धुवायचा, झटकायचा, टांगायचा. ब्रश कोरडा खडखडीत राहू लागला.

पुढे काय झालं ते घर असलेल्या कोणालाही सांगायची गरज नाही. आधी त्या खिळ्यावर मुलाच्या टिफिनची पिशवी आली, कारण ती ओली होती आणि तिथे हवा होती. मग पिशवीवर छत्री. छत्रीवर डास मारायची बॅट, कारण बॅटला कुठेच जागा नव्हती. मग पीठ चाळायची चाळणी. बायकोनं त्यावर एकदा पंचांगाचं कॅलेंडर लावून पाहिलं, पण चाळणीवर ते सपाट बसेना. ब्रश काही दिवस सगळ्यांच्या खाली चेपून राहिला, आणि एका सकाळी सुतळीसकट पुन्हा कान तुटलेल्या कपात दिसला. कोणी ठेवला, यावर घरात एकमत झालं नाही.

मी तक्रार करायला आईकडे गेलो. ती बॅट खिळ्यावरून काढत होती. बॅट न पडता निघाली, छत्री न अडकता खाली आली, पिशवी जागच्या जागी राहिली. आईनं खिळा हलवून पाहिला. तसूभर हलला नाही.

"साठ रुपयाच्या ब्रशाचं काय घेऊन बसलास," ती म्हणाली. "खिळा मात्र कामाचा ठोकलास बाप्पा. असेच आणखी दोन ठोक."